खोडावरची एकटी मुंगी

प्रश्न : अंगणातल्या आंब्याच्या खोडावर लांबट, सडपातळ मुंगी दिसते. डोके आणि पोट काळे, मधला भाग तांबडा. ती एकटीच का हिंडते? चावली की गांधीलमाशीसारखी आग होते. खोडाच्या भोकांत राहते, म्हणजे झाड पोखरते का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : वर्णन नेमके आहे, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. ही टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. पक्ष्यांवरच्या ग्रंथांमुळे प्रसिद्ध झालेले डॉक्टर थॉमस जेर्डन यांनी १८५१ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले.

आधी झाडावरचा आरोप. लाकूड खाते ती वाळवी, मुंगी नव्हे. भुंगेऱ्यांनी खोड पोखरले किंवा मोडलेली फांदी आतून कुजली, की त्या आयत्या पोकळीत ही बिऱ्हाड करते. अंग सडपातळ असल्याने अरुंद बोळांतून तिची ये-जा सहज होते. उलट, वाळवी सापडली तर ती वाळवीच खाते!

रांगेतल्या मुंग्या वाटेवर गंध सोडतात आणि मागच्या तो हुंगत येतात. हिची भिस्त मोठ्या डोळ्यांवर. खोडावरचा एखादा किडा टिपायला पलटण कशाला हवी? म्हणून एकलकोंडी मात्र समजू नका. पोकळीत सगळा कबिला असतो.

आता चावण्याचे. तुमच्याकडचे हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, जबड्याने चावतात आणि जखमेवर आम्ल सोडतात. ही चक्क नांगी मारते. मुंग्या आणि गांधीलमाश्या एकाच गणातल्या, त्यामुळे तुमची तुलना अगदी योग्य आहे. हिच्या कमरेला दोन गाठी असतात, म्हणून पोट हवे तसे वळवून नांगी रोवता येते.

हिच्या मेक्सिकोतल्या नातलग मुंग्या तर बाभळीच्या एका जातीच्या पोकळ काट्यांत राहतात. ते झाड त्यांना मधुरस आणि पानांच्या टोकांवर पौष्टिक कण पुरवते. बदल्यात मुंग्या पाने खाणाऱ्या किड्यांना हुसकतात, झाडावर चढणाऱ्या वेलीही कुरतडतात. मुंग्या काढून टाकल्या की झाडाची दैना होते, हे डॅनियल जॅन्झेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगांनी दाखवले. तुमच्या आंब्याशी हिचे असे काही साटेलोटे नाही.

नांगी लागली तर थंड पाण्याची पट्टी ठेवा. मात्र थायलंड आणि श्रीलंकेत या डंखाने जिवावर बेतलेल्या ॲलर्जीच्या नोंदी आहेत. अंगभर पित्त उठले किंवा धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.