घर बांधण्यापूर्वी : ग्रामपंचायत हद्दीतील बांधकाम परवानगी
(राजूर परिसरातील शेतकऱ्यांसाठी)

भाताची मळणी आटोपली, की राजूरच्या पंचक्रोशीत घरांच्या कामांना सुरुवात होते. याच सुमारास राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. गेल्या खेपेस प्रदर्शनात चारा पिकांबद्दल बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. भेटलेल्या शेतकऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी चाऱ्याऐवजी घराविषयीच विचारले. मळ्यात दोन खोल्या काढायच्या आहेत, परवानगी सरपंच देतो की तहसीलदार? गावठाणातले जुने घर पाडून नवे बांधले तर कागद लागतो का? प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, वकील नव्हे. तरीही शेतकऱ्याचे घर शेतजमिनीशी बांधलेले असल्याने हा विषय आमच्या कक्षेबाहेरचा नाही. शिवाय आमच्या घरी या बाबतीत जे घडले, ते सांगण्यासारखे आहे.

आमच्या वडिलांनी वडिलोपार्जित सामाईक खात्याच्या जमिनीत, विहिरीजवळ, दगडमातीचे पक्के घर बांधले. सात-बारावर दोघा भावांची नावे होती. कोणी कोणता तुकडा कसायचा हे तोंडी ठरलेले होते, पण वाटप झाले नव्हते आणि मोजणीही झाली नव्हती. भावाभावांत प्रेम होते, म्हणून कोणाला कागदाची आठवण झाली नाही. पुढे चुलत्यांच्या मुलांनी वाटप मागितले. मोजणी आली आणि घराचा मागचा सोपा व एक भिंत त्यांच्या हिश्श्यात निघाली. शेवटी अर्ध्या गुंठ्याच्या जागेसाठी विहिरीखालची ५ गुंठे भाताची जमीन अदलाबदलीत द्यावी लागली. त्या खाचरात आमच्या आजीने आयुष्यभर आवणी केली होती. घर बांधण्यापूर्वी मोजणी करून घेतली असती, तर एवढी किंमत पडली नसती.

म्हणून परवानगीचा पहिला प्रश्न 'अर्ज कोठे करावा' हा नाही. जागा कोणत्या प्रकारची आहे आणि ती कागदावर कोणाची आहे, हे आधी ठरवावे.

गावठाणातील जागा

गावठाणात घर बांधावयाचे किंवा जुने पाडून नवे उभारावयाचे असल्यास १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ प्रमाणे पंचायतीची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. येथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आपले नाव लागलेले असते, घरपट्टीची पावती असते, आणि शेतकरी समजतो की जागा आपल्या नावावर झाली. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यावरून घरपट्टी कोणाकडून वसूल करावयाची हे कळते, मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी खरेदीखत, वाटणीपत्र किंवा नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली व ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी हाती घेण्यात आली. ज्या गावात ते काम पुरे झाले असेल, तेथे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढून घ्यावी. नकाशातील हद्द आणि प्रत्यक्ष भिंत यांत फरक दिसल्यास घर पाडण्यापूर्वीच हरकत नोंदवावी. जुनी भिंत पाडली, की तिची जागा दाखविणारा पुरावाच नाहीसा होतो.

कामाची पद्धत आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. त्यानंतर २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागासाठी जी कार्यपद्धती जाहीर केली, तिच्यात भूखंडाच्या आकाराप्रमाणे तीन पायऱ्या आहेत. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६०० चौरस फूट किंवा दीड गुंठ्याच्या भूखंडावर राहते घर बांधावयाचे असल्यास मालकीचे कागद, जागेचा व इमारतीचा नकाशा, शुल्काची पावती आणि आराखडा नियमांनुसार असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत दाखल करावयाचा असतो. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठी हेच कागद घेऊन ग्रामपंचायतीने १० दिवसांत शुल्क कळवावयाचे आणि ते भरल्यानंतर १० दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र द्यावयाचे, असे ठरविण्यात आले. त्याहून मोठ्या भूखंडासाठी प्रकरण नगररचना विभागाकडे जाते.

पहिल्या पायरीत परवानगी लागत नाही असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. परवानगीची वाट पाहावी लागत नाही, पण कागद मात्र द्यावेच लागतात आणि त्यांची पोच घ्यावी लागते. पोच म्हणजे आवक क्रमांक, तारीख, सही व शिक्का असलेली आपली प्रत. ग्रामसेवकांशी बोलणे झाले आहे, एवढ्यावर पायाचे खोदकाम सुरू करू नये. त्यांची बदली झाली, की बोलणेही त्यांच्याबरोबर जाते.

गावठाणालगतची जागा

सर्वांत जास्त अडचणी येथेच येतात. कोल्हार-घोटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना ही जमीन दिसायला गावातच असते, पण सात-बारावर ती शेतजमीन असते. महसूल संहिता १९६६ च्या मूळ पद्धतीत कलम ४४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून अशी जमीन बिगरशेती, म्हणजे लोकांच्या भाषेत एन.ए. करून घ्यावी लागे. २०१७ मध्ये कलम ४२-ड घालण्यात आले. त्यायोगे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींना, काही अटींच्या अधीन राहून व रूपांतर कर भरून, निवासी वापरापुरते अकृषिक मानण्याची सोय झाली. या तरतुदी वरचेवर बदलत आल्या आहेत. म्हणून शेजाऱ्याने ५ वर्षांपूर्वी जे केले, तेच आपण करावे असे नाही. आपला गट क्रमांक देऊन तहसील कार्यालयात लेखी विचारणा करावी व लेखी उत्तर घ्यावे. रस्त्याच्या कडेची जागा असेल तर रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडावे, हे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाकडून लेखी घ्यावे. रस्ता रुंद होतो तेव्हा सर्वांत आधी ओटा व पायऱ्या जातात.

गुंठा-दोन गुंठे जागा स्टँपपेपरवर लिहून घेऊन घर बांधण्याची रीत सर्वत्र पसरली आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतासाठी २० गुंठे व बागायतासाठी १० गुंठे ठरविण्यात आले. त्याहून लहान शेततुकड्याचा व्यवहार सरळ मार्गाने होत नाही. २०२५ मध्ये निवासी क्षेत्रातील जुने व्यवहार नियमित करण्याची तरतूद राज्याने केली, परंतु आपली जागा त्यात बसते किंवा नाही हे तपासल्याशिवाय तिच्या भरवशावर नवा व्यवहार करू नये. स्टँपपेपरवर कितीही साक्षीदारांच्या सह्या असोत, दस्त नोंदणीकृत नसेल तर जमिनीची मालकी बदलत नाही. अशा जागेवर बँक घरकर्ज देत नाही, आणि विकणाऱ्याचा मुलगा पुढे उलटला तर हाती केवळ विटा उरतात.

आदिवासी खातेदार आणि वर्ग २ च्या जमिनी

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महसूल संहितेत १९७४ साली कलम ३६-अ आले. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे विक्रीने जावयाची असेल तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मंजुरीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. कसणाऱ्याच्या हातून जमीन जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि आमच्या मते तो आजही तितकाच खरा आहे. भंडारदऱ्याच्या बाजूला जमिनींना भाव आल्यापासून 'घर बांधून देतो, जागा वापरायला द्या' असे सांगणारे लोक फिरतात. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.

आदिवासी खातेदाराने स्वतःच्या जमिनीत स्वतःसाठी घर बांधणे म्हणजे हस्तांतरण नव्हे. तरीही सात-बाऱ्यावरील भोगवटादाराचा वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. वर्ग २ असल्यास वापर बदलण्यापूर्वी तहसीलमध्ये विचारावे. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेली जमीन वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही. जमीन कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात किंवा त्याच्या लगत असेल तर वन विभागाकडेही चौकशी करावी.

शेतातील घर

स्वतःच्या शेतीसाठी शेतात बांधलेले घर, गोठा, अवजारांची व धान्याची खोली यांना महसूल संहितेत शेतघर मानले आहे, आणि कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्यास ते बांधण्याचा हक्क आहे. खातेदाराच्या कुटुंबाचे व गड्यांचे राहणेही त्यात येते. मोठ्या शहरांभोवती मात्र त्यालाही परवानगी लागते. जेथे प्रादेशिक योजना व वर उल्लेखिलेली नियमावली लागू आहे, तेथे शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर क्षेत्र धरले आहे. आपल्या गावाला काय लागू आहे, हे ग्रामपंचायत व नगररचना कार्यालयात पाहावे.

पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या खोल्या शेतघर ठरत नाहीत. नाव शेतघराचे आणि दारात पाटी लॉजची, असे प्रकार पुढे अंगाशी येतात. ज्यांना हा जोडधंदा करावयाचा आहे, त्यांनी २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी करावी.

आता आमच्या विषयाचे थोडे. घरासाठी भाताचे खाचर भरून घेऊ नये. खाचराची माती पाणी धरण्यासाठी पिढ्यान् पिढ्या चिखलून तयार झालेली असते. पावसाळ्यात तेथे ओल वर चढते, जोत्याला भेगा पडतात आणि सुपीक जमीन कायमची जाते. वरकस, मुरमाड, थोडी उंच व निचऱ्याची जागा निवडावी. डोंगराच्या उताराच्या तोंडाशी किंवा ओघळीवर घर नको. या भागातील पाऊस लक्षात घेता जोते उंच ठेवावे आणि वरच्या अंगाने चर काढून पाणी बाहेर वळवावे. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस घ्यावा. घरावरून किंवा जवळून ११ केव्हीची वाहिनी जात असेल तर आडवे १.२ मीटर व उभे ३.७ मीटर अंतर सुटले पाहिजे. नकाशा काढतानाच हे अभियंत्यास दाखवावे. कृषिपंपाच्या जोडणीवर घरातील दिवे चालवू नयेत, महावितरणकडे घरगुती जोडणी स्वतंत्र मागावी.

अर्जाची वेळ आणि कागद

स्लॅब वैशाखात पडावा अशी सर्वांची इच्छा असते, आणि अर्ज मात्र माघात होतो. मोजणीचा अर्ज भात सोंगण्याच्या सुमारासच भरून ठेवावा. खाचरात पीक उभे असताना व बांधावर चिखल असताना मोजणी नीट होत नाही. मोजणीच्या दिवशी लगतचे खातेदार हजर राहतील असे पाहावे, हद्दीच्या खुणा पक्क्या कराव्यात आणि नकाशाची 'क' प्रत जपून ठेवावी. खाते सामाईक असल्यास कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घेणे उत्तम. ते लगेच शक्य नसेल, तर निदान सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. बहिणींची नावे सात-बाऱ्यावर असतात. त्यांनाही विचारावे लागते, हे बरेच जण विसरतात.

अर्जासोबत साधारणपणे पुढील कागद लागतात : अलीकडचा सात-बारा व ८-अ किंवा मिळकत पत्रिका, मालकीचा दस्त, मोजणी नकाशा, अभियंत्याने सही केलेला आराखडा, घरपट्टी व पाणीपट्टी भरल्याची पावती, ओळखपत्र आणि जरूर तेथे संमतीपत्र. आराखडा शेजाऱ्याच्या घराची नक्कल असू नये. आपल्या जागेची मापे त्यात असली पाहिजेत, नाहीतर स्थळपाहणीत फरक निघतो व प्रकरण परत येते. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष असते. पैशाअभावी काम रेंगाळणार असेल तर मुदत संपण्यापूर्वी वाढवून घ्यावी.

घरकुल मंजूर झालेल्यांनीही जागेचा कागद आधी पाहावा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात किंवा शबरी योजनेत नाव आले, पण जागा नावावर नाही म्हणून हप्ता थांबला, अशी उदाहरणे गावोगाव आहेत. आदिवासी लाभार्थींनी शबरी योजनेची चौकशी राजूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. ज्यांना जागाच नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तिची माहिती पंचायत समितीत मिळते.

जोत्यापर्यंत काम आले, की अभियंत्यास बोलावून मापे मंजूर नकाशाशी ताडून घ्यावीत. जोते चुकले तर एक-दोन दिवसांच्या मजुरीत ते सुधारता येते, भिंती चढल्यावर ते होत नाही. काम पुरे झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला घेऊन नमुना ८ मध्ये नव्या बांधकामाची नोंद करून घ्यावी. अर्जाची पोच, मंजूर नकाशा, मोजणीची प्रत व शुल्काच्या पावत्या एकाच पिशवीत घालून पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात, आणि त्या कोठे आहेत हे घरातील बायकामुलांना दाखवून ठेवावे.