घोकंपट्टी की सराव?

प्रश्न : चिनी भाषेच्या वर्गात शिक्षक धडे तोंडपाठ करून म्हणायला लावतात. शाळेत इंग्रजी धडेही असेच घोकले होते, पण बोलता काही आले नाही. मग पुन्हा तेच कशाला?
– एक वाचक

उत्तर : घोकणे वेगळे आणि मोठ्याने वाचून पाठ करणे वेगळे. चीनमधील शाळांत सकाळी मोठ्याने वाचण्यासाठी वेळ राखलेला असतो आणि त्यात चिनीबरोबर इंग्रजी धडेही म्हटले जातात.

चिनीत याला सबळ कारण आहे. प्रमाण चिनीत मुख्य सूर, म्हणजे अक्षराच्या उच्चारातील चढउतार, चार. लिपी पाहून सूर कळत नाही. शिवाय तिसऱ्या सुराची दोन अक्षरे लागोपाठ आली की पहिले दुसऱ्या सुरात उच्चारले जाते. बोलताना असा नियम आठवत बसणे अशक्य. ती सवय जिभेलाच लागावी लागते. इंग्रजीत हेच आघाताबद्दल म्हणता येईल.

आधी ध्वनिमुद्रण ऐकावे, अर्थ समजून घ्यावा, मग त्यासोबत वाचावे आणि शेवटी पुस्तक मिटावे. रोज चार-पाच ओळी पुरेत. सुरुवात संवादांपासून करावी. तांग राजवटीच्या काळातील जुन्या कविता कितीही गोड असल्या तरी त्यांची रचना आजच्या बोलण्यात चालत नाही. पाठ झालेल्या वाक्यातील माणूस, वेळ, ठिकाण बदलून नवी वाक्ये करावीत. शाळेत बहुधा हीच पायरी राहून जाते.

चिनी उच्चार देवनागरीत लिहून पाठ करू नयेत, त्यात सूर हरवतात. चुकीचा सूर पक्का झाला तर सुटणे कठीण, म्हणून नवा उतारा पाठ करण्यापूर्वी शिक्षकांना एकदा वाचून दाखवावा.