मंगळाच्या जमिनीतील ओलावा कसा मोजतात?

जमिनीत वाफसा आहे की नाही हे आपण मूठभर माती दाबून ओळखता. संशोधन केंद्रावर हा ओलावा न्यूट्रॉन ओलावामापकानेही मोजतात. जमिनीत उभी नळी बसवून तीत किरणोत्सारी पदार्थ असलेले उपकरण सोडतात. त्यातून न्यूट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण वेगाने बाहेर पडतात. गोटी दगडावर आपटली तर उसळते. तेवढ्याच वजनाच्या गोटीवर आपटली तर जागीच थबकते. न्यूट्रॉनच्या जोडीचे वजन हायड्रोजनच्या अणूगर्भाचे असते आणि जमिनीतील हायड्रोजन मुख्यतः पाण्यात असतो. म्हणून मंदावलेले न्यूट्रॉन जास्त, तेथे ओलावा जास्त.

हेच तत्त्व मंगळावर वापरले गेले. अमेरिकेचे ‘मार्स ओडिसी’ यान २००१ मध्ये तेथे पोचले व सुमारे ४०० कि.मी. उंचीवरून प्रदक्षिणा घालू लागले. येथे किरणोत्सारी पदार्थाची गरज नव्हती. अवकाशातून येणारे विश्वकिरण मंगळाच्या मातीवर आदळून न्यूट्रॉन उडवतात आणि हवा अतिविरळ असल्याने ते यानापर्यंत पोचतात. मात्र हिशेब थोडा उलटा आहे. मध्यम वेगाचे न्यूट्रॉन जेथे कमी येतात, तेथे हायड्रोजन जास्त. दोन्ही ध्रुवांकडील विस्तीर्ण भागात, वरच्या साधारण एक मीटर थरात भरपूर बर्फ असावा, असे २००२ मध्ये जाहीर झाले.

‘असावा’ म्हणण्याचे कारण, उपकरण हायड्रोजन मोजते, पाणी नव्हे. हायड्रोजन सेंद्रिय पदार्थात व चिकणमातीच्या खनिजांतही असतो. म्हणूनच आपल्याकडे प्रत्येक जमिनीसाठी मातीचे नमुने १०५ अंश सेल्सिअसला वाळवून उपकरणाचे आकडे पडताळावे लागतात. काळ्या भारी जमिनीचे प्रमाण मुरमाड जमिनीला लावणे चुकीचेच.

मंगळावरील पडताळणी २००८ मध्ये झाली. उत्तर ध्रुवाकडील मैदानात उतरलेल्या ‘फिनिक्स’ यानाने चर खणला. काही सेंटिमीटरवरच पांढरे खडे लागले आणि चार दिवसांत ते नाहीसे झाले. मीठ असते तर जागेवर राहिले असते. पुढे नमुना तापवल्यावर पाण्याची वाफ मिळाली.

एक मीटरच्या खाली मात्र न्यूट्रॉन उपयोगी पडत नाहीत. तेथे रडार लागते. युरोपच्या ‘मार्स एक्सप्रेस’ यानावरील रडारला दक्षिण ध्रुवाजवळ सुमारे दीड कि.मी. खोलीवर ठळक प्रतिध्वनी मिळाला. ते द्रवरूप पाणी असावे, असे २०१८ मध्ये सांगण्यात आले. परंतु असा प्रतिध्वनी चिकणमातीच्या खनिजांमुळेही येऊ शकतो, असे इतर शास्त्रज्ञांनी दाखवल्याने तो दावा वादात आहे.