पूर्वसंशोधनाचा आढावा

संशोधनासाठी अनुदान मागणाऱ्या प्रस्तावातील 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हा भाग बहुधा ग्रंथनामांची जंत्री होऊन बसतो. वस्तुतः योजिलेले काम अद्याप का उरले आहे, हे परीक्षकास येथे पटवून द्यावयाचे असते.

एखाद्या शिक्षकाने कांदिवली येथील अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास योजिला आहे, असे समजू. नौदलातील अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी मुंबई परिसरातील या हत्यारांवर १९३९ साली निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९५९ मध्ये एस. सी. मलिक यांचा मुंबई व सातारा जिल्ह्यांतील अश्मयुगीन हत्यारांवरील ग्रंथ बडोद्याहून निघाला. एवढ्यावरच थांबल्यास ती जंत्रीच. टॉड यांनी हत्यारांस युरोपातील अश्मयुगीन संस्कृतींची नावे लावली. ती येथील थरांस कितपत लागू पडतात, हा प्रश्न उभा केला की आढाव्यास खरा आरंभ होतो. मलिक यांचे मत कोठे जुळते व कोठे भिन्न होते, हे दोन्ही मूळ लेखन समोर ठेवूनच नोंदवावे. तिसऱ्याच्या ग्रंथातील उताऱ्यावर भिस्त ठेवू नये. जुन्या इंग्रजी लेखनात गावाचे नाव 'खांडिवली' असेही आढळते. सूचीत एकच रूप शोधणाऱ्यास नेमका हवा तो निबंध हुकावयाचा!

आता कांदिवलीत दाट वस्ती झाली आहे. टॉड यांनी पाहिलेले थर पुन्हा उघडणे सोपे नाही. तेव्हा मागणी उत्खननाची नसून जुन्या संग्रहांच्या फेरतपासणीची असावी, आणि ती आढाव्यातूनच उद्भवलेली दिसावी. मग खर्चाच्या पत्रकात वस्तुसंग्रहालयांपर्यंतचा प्रवास का धरला आहे, हे परीक्षकास विचारावे लागत नाही.