एका पुस्तकाला एक चांदणी

(मुलांनी जास्त वाचावे म्हणून त्यांना बक्षीस द्यावे का? एका शिक्षकांनी वर्गात करून पाहिलेली योजना आणि अमेरिकेत झालेले दोन अभ्यास यांविषयी या पाठात सांगितले आहे.)

उर्दूत ‘किताब’ म्हणजे पुस्तक. मराठीत मात्र ‘किताब’ म्हणजे पदवी किंवा सन्मान. कुस्ती जिंकणाऱ्या पहिलवानाला किताब मिळतो. उर्दूत त्याला ‘खिताब’ म्हणतात. मी वर्गात हे सांगितले, तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, ‘‘सर, मग किताब वाचली तर किताब मिळेल का?’’

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण तो प्रश्न माझ्या मनात राहिला.

दोन दिवसांनी १५ ऑक्टोबर होता. हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०१५ पासून तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मी फळ्यावर लिहिले : एका मराठी पुस्तकाला एक लाल चांदणी, दहा चांदण्यांना एक कंपासपेटी. भिंतीवर सर्वांच्या नावांचा तक्ता लावला.

दुसऱ्याच दिवशी पुस्तकांच्या कपाटापुढे रांग लागली. मराठी पुस्तक दिसताच तोंड फिरवणारी मुलेही रांगेत उभी होती. मला फार आनंद झाला. मुख्याध्यापकांना मी मुद्दाम बोलावून तक्ता दाखवला.

पंधरा दिवसांनी मी कपाट नीट पाहिले. सोळा पानांची, मोठ्या चित्रांची पुस्तके हातोहात फिरत होती. जाड पुस्तके होती तेथेच धूळ खात पडली होती. ‘किताब मिळेल का’ असे विचारणाऱ्या मुलाला नऊ चांदण्या मिळाल्या होत्या. मी त्याला विचारले, ‘‘कालच्या गोष्टीतला कोल्हा शेवटी कोठे गेला?’’

तो गोंधळला. ‘‘सर, त्यात कोल्हा होता?’’

वर्गात एक मुलगी होती. ती योजनेच्या आधीपासून वाचत असे. वाचलेली मराठी गोष्ट ती घरी दादीला उर्दूत सांगत असे. तिने त्या पंधरा दिवसांत एकच पुस्तक नेले होते. चांगले दोनशे पानांचे. तक्त्यावर तिच्या नावापुढे एकही चांदणी नव्हती. एके दिवशी तिने ते पुस्तक अर्धवटच परत आणले.

‘‘का गं, आवडले नाही का?’’ मी विचारले.

‘‘आवडले, सर. पण सगळे म्हणतात, तू काहीच वाचत नाहीस.’’

तिने एक पातळ पुस्तक उचलले आणि ती जागेवर जाऊन बसली. मला फार वाईट वाटले. चूक तिची नव्हती. माझ्या तक्त्याची होती.

अशी चूक इतरांनीही पाहिली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी एक प्रयोग केला. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्केचपेनांनी चित्रे काढायला ज्यांना मुळातच आवडत होते, अशी मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढले तर सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन मोकळ्या वेळी पुन्हा मुलांसमोर ठेवले. ज्यांना आधी प्रमाणपत्र कबूल केले होते, ती मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढत बसली.

मग बक्षीस नेहमी वाईटच का? तसेही नाही. रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाने २००७-०८ मध्ये डॅलस शहरातील दुसरीच्या मुलांसाठी एक योजना केली. एक पुस्तक वाचले की दोन डॉलर. मात्र पुस्तकावरील प्रश्नांची ८० टक्के उत्तरे बरोबर यावी लागत. (कोल्ह्याचा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता!) इंग्रजीत परीक्षा देणाऱ्या मुलांना वाचलेले अधिक चांगले समजू लागले. स्पॅनिशमध्ये परीक्षा देणाऱ्यांना मात्र फायदा झाला नाही. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतील गुणांसाठी पैसे देऊन पाहिले, तर गुण वाढले नाहीत. कारण समजण्यासारखे आहे. पुस्तक कसे उघडावे हे मुलाला माहीत असते. गुण कसे वाढवावेत हे त्याला ठाऊक नसते.

माझ्या वर्गातही दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. मराठी पुस्तकाला कधी हात न लावणाऱ्यांना चांदणीने कपाटापर्यंत आणले. जी आधीच वाचत होती, तिचे पुस्तक मात्र चांदणीने हातातून काढून घेतले.

मी तक्ता उतरवला. ज्यांच्या दहा चांदण्या झाल्या होत्या, त्यांना कंपासपेट्या दिल्या. कबूल केलेले द्यायलाच हवे. शनिवारी शाळा सुटण्याआधीचा अर्धा तास आम्ही पुस्तकासाठी ठेवला. ज्याला वाटेल त्याने वाचलेले सांगावे. मध्ये उर्दू शब्द आले तरी चालतील. पुस्तक संपलेलेच असावे असेही नाही.

त्या मुलीने जाड पुस्तक पुन्हा नेले. दुसऱ्या शनिवारी ती उभी राहिली. गोष्टीतला चोर विहिरीत उतरला, तेवढ्यात घंटा झाली. एरवी घंटा होताच दप्तर उचलून पळणारी मुले तिच्याभोवती जमली. त्यांत नऊ चांदण्यांचा तो मुलगाही होता. सोमवारी सकाळी तो कपाटापाशी आला. ‘‘सर, ते विहिरीचे पुस्तक कोठे आहे?’’

पुस्तक कपाटात नव्हते.

‘‘अजून चाळीस पाने राहिली आहेत, सर,’’ ती आपल्या जागेवरून म्हणाली.

स्वाध्याय

१. पंधरा दिवसांनी कपाट पाहिल्यावर शिक्षकांना काय आढळले?
२. मुलीने जाड पुस्तक अर्धवट का परत केले?
३. ‘दप्तर’, ‘तालीम’, ‘खाली’ या शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहा.