शिकाऊ उमेदवार : खर्च कुणाचा, फायदा कुणाचा?



“पोरगं आयटीआय झालंय, कारखान्यात चिकटवा,” असे केदारखेडा-भोकरदन भागातील सभासद हक्काने सांगतात. दुसरीकडे, “कामगार असताना शिकाऊ पोरं कशाला? तो पैसा उसाच्या भावात द्या,” असेही ऐकू येते. दोन्ही बोलणी आपुलकीचीच. पण पहिल्यात शिकाऊ उमेदवारीला नोकरी समजले आहे, तर दुसऱ्यात नुसता खर्च. ती या दोन्हींपैकी काहीच नाही. म्हणून हा विषय या अंकात मुळापासून समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली झाला. १९७३ साली पदवी व पदविकाधारक अभियंतेही त्यात आले. २०१४ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ साली नियम बदलले. त्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक ठरले. या मोजणीत कंत्राटी माणसेही धरतात. म्हणजे ४०० माणसांच्या कारखान्याला किमान १० उमेदवार घ्यावे लागतात आणि ६० पर्यंत घेता येतात. तेव्हा शिकाऊ घेणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

इंग्लंडात २०१७ पासून मोठ्या मालकांच्या पगारपत्रकावर अर्धा टक्का आकारणी सुरू झाली व तो पैसा शिकाऊंच्या प्रशिक्षणासाठी ठेवला गेला. आपल्याकडे अशी वेगळी पट्टी नाही. मालकाने उमेदवार घ्यायचा, विद्यावेतन द्यायचे आणि सरकारने त्यातला काही भार उचलायचा, अशी आपली रीत आहे.

पैशाचा हिशोब

२०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. त्यात आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे ७,००० होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ साली आली. तिच्यात विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पण महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतच, केंद्र सरकारने द्यायचा असे ठरले. २०२३ पासून हा हिस्सा उमेदवाराच्या बँक खात्यात थेट जमा होऊ लागला. पदवी-पदविकाधारकांची योजना वेगळी आहे. तिच्यात सरकारचा वाटा किमान विद्यावेतनाच्या निम्मा ठेवला गेला.

आता आकडेमोड करू. ७,००० चा चौथा हिस्सा १,७५० होतो, पण मर्यादा १,५०० ची. म्हणून कारखान्याच्या खिशातून महिन्याला ५,५०० आणि वर्षाला ६६,००० रुपये जातात. दहा उमेदवारांचे झाले ६ लाख ६० हजार. आकडा मोठा वाटतो खरा. पण समजा, कारखाना रोज २,५०० टन गाळणारा आहे आणि १२० दिवसांत तीन लाख टन गाळप झाले, तर हा खर्च टनामागे २ रुपये २० पैसे पडतो. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला २२० रुपये येतात. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रत्यक्ष हिशोब चालू दराने करावा. रीत हीच राहील.

आता दुसरी बाजू पाहू. असा कारखाना तासाला सुमारे १०४ टन ऊस गाळतो. बेअरिंग तापले, मिल थांबली आणि जाणता फिटर हाताशी नसला, तर तेवढा ऊस दर तासाला गाडीतच उभा राहतो. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरही घटते. जुना फिटर नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखतो. तो निवृत्त झाला की ती विद्या त्याच्याबरोबर घरी जाते. मग हंगामात बाहेरून माणूस आणून सांगेल ती मजुरी मोजावी लागते. जुन्या हातांतली विद्या नव्या हातांत उतरावी, यासाठीच ही उमेदवारी आहे.

खरा खर्च मात्र विद्यावेतनाचा नाहीच, तो शिकवणाऱ्याच्या वेळेचा आहे. मिस्त्रीने हातचे राखून ठेवले किंवा पोराला वर्षभर झाडलोट आणि चहा आणायला लावले, तर कारखान्याचे ६६ हजार आणि पोराचे एक वर्ष, दोन्ही पाण्यात!

साखर कारखान्यात काय शिकावे?

फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन या कामांना आपल्याकडे चांगला वाव आहे. आयटीआय झालेल्याची उमेदवारी बहुधा एक वर्षाची असते. आमचे मत असे, की उमेदवार हंगाम संपताच घ्यावा. मग मिल उघडताना रोलर-बेअरिंगची झीज त्याला डोळ्यांनी दिसते, ज्यूस हीटरच्या नळ्या साफ करणे-बदलणे हाताखालून जाते, जोडणी होते आणि पुढे अख्खा हंगाम चालू यंत्रावर मिळतो. ऐन हंगामात घेतलेल्याला शिकवायला कुणाला सवड नसते.

पालकांनी ध्यानात ठेवावे

शिकाऊ उमेदवार हा कायद्याने प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणून त्याला भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही. पण कारखान्यातील सुरक्षिततेचे नियम त्यालाही लागू आहेत आणि कामावर इजा झाल्यास भरपाईचा हक्क आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीवाचून त्याला जादा वेळ राबवता येत नाही.

उमेदवारी संपली म्हणजे नोकरी लागलीच, असे नाही. मालकावर तशी सक्ती नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले, की इतर गोष्टी समान असतील तर नव्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला पसंती द्यावी. शिवाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र जालन्याच्या स्टील कारखान्यांत दाखवा की वाळूजला, चालते. पोराच्या हातात कसब आले, तर एकाच दाराशी बसायची पाळी येत नाही. आणि पोरच का, मुलगी फिटर-इलेक्ट्रिशियन झाली असेल तर तिच्यासाठीही हीच वाट आहे.

नाव नोंदवताना चार गोष्टी सांभाळाव्यात. एक, आयटीआयचे गुणपत्रक व प्रमाणपत्र. दोन, आधारशी जोडलेले स्वतःच्या नावाचे बँक खाते, नाहीतर सरकारी हिस्सा अडकतो. तीन, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी पोर्टलवरील नोंदणी. चार, सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे नोंदलेला करार. करार नोंदलेला नसेल, तर वर्षभर घाम गाळूनही परीक्षेला बसता येत नाही. अडचण आल्यास शासकीय आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्यांना भेटावे.

आणि दर महिन्याला पोराला घरी एवढेच विचारत जा : “पैसे किती आले ते ऱ्हाऊ दे, या महिन्यात नवं काय शिकलास?” उत्तर देता आले नाही, तर ते आमच्या कानावर घाला. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.