कंबरदुखी आणि पिलाटिस

प्रश्न : ऊसतोडणीत दिवसभर वाकून कंबर धरते. पिलाटिसने आराम पडेल का?
— एक वाचक, पाटस (ता. दौंड)

उत्तर : जोसेफ पिलाटिस (१८८३–१९६७) या जर्मन व्यायामतज्ज्ञाने घडवलेल्या या पद्धतीत श्वासाच्या लयीबरोबर पोट, पाठ आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू संथपणे कामाला लावले जातात, जेणेकरून मणक्याला आधार मिळावा. जुनाट, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या आणि विशिष्ट कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीत तिने वेदना कमी होत असल्याचे पुरावे आहेत. मात्र इतर व्यायामांहून ती सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून त्यासाठी पुण्यातल्या महागड्या वर्गाला जाण्याची मुळीच गरज नाही. सतरंजीवर उताणे पडून, गुडघे दुमडून, श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत घ्यावा आणि कंबर न हलवता एक टाच सावकाश पुढे सरकवून परत आणावी. श्वास कोंडू नये. कोयता चालवताना कंबरेऐवजी खुब्यातून वाकण्याची सवय लावून घेणे या सरावाने सोपे जाते, आणि तोडणी कामगाराचा खरा लाभ तिथेच आहे. पायात बधिरपणा वा अशक्तपणा वाढत असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.